'इर्जिक'चं चौथं पान

आशाआत्या चपला काढून आत आली, तेव्हा अण्णांनी टीव्हीचा आवाज वाढवला. भावाबहिणीचं त्या दिवशीचं पहिलं बोलणं ते एवढंच.

अण्णांची सून वृषाली मधल्या दारात उभी राहून बघत होती. कडेवर स्वराज, त्याच्या तोंडात तिच्या ओढणीचं टोक. त्याला दात येत होते आणि सकाळपासून त्यानं घरातली एकही गोष्ट चावायची सोडली नव्हती. तिनं ओढणी सोडवली, त्यानं लगेच तिची हनुवटी धरली.

आत्या या घरात पुढच्या दारानं आली ती कितीतरी वर्षांनी. तिचे वडील, आबा, गेले आणि दुखवटा सरायच्या आत अण्णांनी त्यांचा 'इर्जिक' पेपर बंद केला. छपाईचं ट्रेडल मशीन भंगाराच्या टेम्पोत चढवताना ती आडवी उभी राहिली होती. त्यानंतर ती बोरीहून यायची ती आईला भेटायला, मागच्या अंगणातून, आणि भाऊ घरात असला की चहा न घेता परत. आज मात्र वृषालीनं तिला आणि तिच्या नवऱ्याला, गोरक्षमामांना, रीतसर निरोप धाडला होता. आहेराच्या वाचनाला या.

"ये गं," साळुआजी पलंगावरून म्हणाली. "लई उशीर केला."

"एसटी चुकली, आई."

"आजचं न्हाई म्हणत मी."

गोरक्षमामा मागून आले. डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवत ते अण्णांच्या अगदी शेजारच्या खुर्चीवर टेकले. मेंढ्या विकून त्यांना आता खूप दिवस झाले होते, पण चालताना हात अजून पाठीमागे काठी धरल्यासारखे असायचे. "काय पावणं," त्यांनी विचारलं, "बातम्या काय म्हणत्यात?"

"बघा की तुमीच," अण्णा म्हणाले. डोळे पडद्यावर.

मधल्या टेबलावर उद्याच्या अंकाची चार पानं पसरली होती; वृषाली पेपर पुन्हा सुरू करत होती. पहिल्या पानावर लाल अक्षरात 'इर्जिक'. आबांनी ठेवलेलं नाव. एकाच्या शेतात अख्ख्या गावाची औतं उतरावीत तसा हा कागद निघावा, असं त्यांना वाटायचं, आणि तो तसाच निघायचाही. आहुप्याची माणसं हिरड्याच्या भावाची बातमी देवराईच्या कडेला बसून वाचून घेत. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांच्या संपाचा अंक रोजगार हमीच्या कामावरच वाटला गेला आणि दुसऱ्या दिवशी तिथं एक घण उचलला गेला नाही. धरणाखाली गावं गेली तेव्हा उठलेल्या माणसांची नावं आबांनी घरवार छापली, सरकारी यादीत नव्हती तीसुद्धा. आणीबाणीत पोलिसांनी छपाईचे खिळे, ती शिशाची अक्षरं, अंगणात ओतले होते. साळुआजीनं ते सगळे हिवाळाभर मातीतून वेचून पुन्हा खणाखणात लावले. लग्न झालं तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. खिळ्यांवरून शिकली, म्हणून कितीतरी दिवस तिला उलटं लिहिलेलंच आधी वाचता यायचं.

हे सगळं वृषालीनं नव्या अंकाच्या तीन पानांत बसवलं होतं. स्वराज निजला की लिहायचं, उठला की थांबायचं. काही वाक्यं तिनं त्याला पाजताना एका हातानं मोबाइलवर लिहिली होती. त्या तीन पानांबद्दल घरात कुणाचीच तक्रार नव्हती. अण्णांना तर ती फार आवडली होती. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि धर्माजी भोरांचा मुलगा म्हणून मतं मागायला असा अंक हातात असणं कुणाला नको असतं?

भांडण होतं चौथ्या पानाचं.

चौथ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात 'घरचा आहेर' असायचा. जगाच्या चुका काढायच्या तर दर अंकात आधी आपल्यातल्या एकाची चूक छापायची, मग तो घरातला असो, पक्षातला असो की युनियनमधला, हा आबांचा नियम. ज्याच्यावर लिहिलं असेल त्यानंच ते छापायच्या आधी चार माणसांसमोर मोठ्यानं वाचायचं. माहिती चुकली असेल तर त्यानं दुरुस्त करायची. शब्द मऊ करा म्हणायची सोय नव्हती. खाली त्याचं उत्तर एका ओळीत, काय करणार आणि कधी करणार. दिलगिरी वगैरे आबा छापत नसत. ते म्हणायचे, तिला जागा लई लागते.

आणि या वेळचा आहेर अण्णांवर होता. अण्णांनी कागदाला अजून हात लावला नव्हता. वृषालीच्या नवऱ्यानं, अमृतनं, वडिलांना तेवढं सांगितलं होतं, की त्यांच्या टोमॅटोच्या शेडविषयी आहे.

"टीव्ही बंद कर रे," साळुआजी म्हणाली.

अमृतनं बंद केला.

"हे बघा," अण्णा म्हणाले, "ह्या कागदाचा प्रकाशक मी. सही माझी, पेपरची नोंद माझ्या नावावर. आन माझ्याच सहीनं माझीच अब्रू काढायची? कुठल्या घरात असं चालतं?"

"या घरात," आत्या म्हणाली.

"तू गप. तू ह्या घरची न्हाईस."

"मग मला कशाला घाबरतोस, दादा?"

अमृत मध्ये पडला. त्याला मध्येच पडायची सवय होती. लहानपणापासून तो बाप आणि आजी यांच्यामधली उशी होता. "वृषे, असं करू. ह्या अंकात नको. पहिलाच अंक आहे. इलेक्शन होऊ दे, दुसऱ्या अंकात टाकू. मी सांगतो, अण्णा वाचतील."

"दुसऱ्या अंकात वाचायला अण्णा निवडून आलेले असतील," वृषाली म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मग ते वाचणार नाहीत."

गोरक्षमामा हसले आणि खोकल्यात ते लपवलं. तेवढ्यात वृषालीचा फोन वाजला. मंचरच्या प्रेसवरून सावळेराम. तिनं फोन कानाला लावला तर स्वराजनं तो ओढला, म्हणून तिनं तो टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"वहिनी, तीन पानांच्या प्लेटा झाल्या. चौथ्याचं काय करू? अमृतभाऊंनी अण्णांचा फोटो पाठवलाय, शुभेच्छांचा. फुल पान. तो लावू का?"

वृषालीनं नवऱ्याकडे पाहिलं. अमृत पंख्याकडे बघत होता.

"थांबा जरा, सावळेरामभाऊ," ती म्हणाली.

"थांबतो, पण लई न्हाई. मागं लग्नपत्रिका हायेत रांगेत."

फोन बंद झाला. वृषालीला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला नुसता थकवा आला, रात्रीतून चौथ्यांदा उठावं लागल्यावर येतो तसा. तिनं स्वराजला दुसऱ्या कडेवर घेतलं. "कधी पाठवलास?"

"काल. फक्त... नाहीच जमलं तर म्हणून."

"नाहीच जमावं म्हणून," आत्या म्हणाली.

साळुआजीनं पलंगावरून हात लांब केला. "पोराला आण हिकडं. आन भरत, तू कागद घे."

"आई, मी न्हाई वाचणार."

"तुज्या बापानं वाचला."

ते सगळ्यांना माहीत होतं. अवसरीत ते सांगायला कुणी लागत नव्हतं. जातीवर अग्रलेख लिहिणाऱ्या संपादकानं, बोरीच्या धनगराच्या मुलाशी लग्न करायला निघालेल्या स्वतःच्या मुलीला माडीवर कोंडलं. हा तो आहेर. गोरक्ष तेव्हा अंकांचे गठ्ठे मेंढ्यांच्या वाड्यांवर पोचवायचा, तिथूनच ते सुरू झालं होतं. मजकूर साळुआजीनं आबांना न विचारता जुळवला आणि छाप काढून त्यांच्या हातात दिला. आबांनी तो कामगारांसमोर वाचला. स्वतःच्या नावापाशी आवाज अडकला, त्यांनी पाणी मागितलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. संध्याकाळी लग्न ठरवायला बोरीच्या वाड्यावर ते आपल्या पायांनी गेले होते.

"पावणं," गोरक्षमामा हळूच म्हणाले, "म्या तवा तिथं उभा व्हतो. मला वाटलं व्हतं म्हातारा मला मारतोय. वाचून झाल्यावर मला म्हनला, चा घेनार का."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हिसका मारावा तसा टेबलावरचा कागद उचलला, चष्मा चढवला आणि उभं राहून वाचायला लागले. सभेत वाचतात तशा आवाजात, मुद्दाम.

"'अवसरी-मंचर रस्त्यावरच्या एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये...'"

ते थांबले. ओळ पुन्हा नजरेखालून घातली. मग कागदाच्या वरून वृषालीकडे पाहिलं, आणि तिनं मान खाली घातली.

"एका व्यापाऱ्याच्या," ते म्हणाले. आवाजातला सभेचा ताठा गेला होता. "बरं. बरंय की."

आत्या पुढे वाकली. "काय लिहिलंयस तू?"

वृषालीचं सगळं लिहून झालं होतं, एकही गोष्ट तिनं गाळली नव्हती. फक्त तिथं आल्यावर बोटं थांबली होती. लग्न ठरलं तेव्हा जुन्नरला आईनं शिकवलं होतं, सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. तिनं ते हसण्यावारी नेलं होतं, पण कधी घेतलंही नव्हतं. रेशन कार्डाच्या खिडकीशीसुद्धा ती अमृतला पुढे करायची. त्या रात्री नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, तेवढ्यात स्वराज रडला आणि त्याला थोपटता थोपटता 'एका व्यापाऱ्याच्या' राहून गेलं. आपण काय केलंय ते तिला आत्ता, अण्णांचा चेहरा सैल होताना बघून कळत होतं.

अण्णा पुढं वाचत होते, आता घरच्या आवाजात.

"'...हंगामात टोमॅटो निवडायला बायका येतात. बायकांसाठी संडास नाही. सगळ्या शेजारच्या उसात जातात. त्याच उसात वनखात्यानं बिबट्यासाठी पिंजरा लावला आहे. बायका तिघी-तिघी मिळून, डबा वाजवत जातात. नूतन या कामगार बाईनं मालकाकडे संडास मागितला. दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर...'" ते थांबले. "दुसऱ्या दिवसापासून न्हाई. त्याच दिवशी. दुपारी."

"मुकादम तर दुसऱ्या दिवशी म्हणाला," वृषाली म्हणाली.

"मुकादमाला काय कळतंय. जेवायच्या सुट्टीत घालवली तिला." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि ओळ दुरुस्त केली. लहानपणी ते आबांच्या हाताखाली मुद्रितं तपासायचे. हात अजून तसाच चालत होता, समासात बारीक खूण, वर बाण. "आन 'मुकादमानं तिला येऊ नको सांगितलं' असं लिवलंय खाली. त्यानं सांगितलं खरं, पण मी सांग म्हनलो म्हणून. ते बी घाल."

अमृत खुर्चीच्या टोकावर आला होता. अण्णांनी शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला.

"चांगलं लिवलंस," ते सुनेला म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. "छाप. मी सही करतो."

त्यांनी पेन सहीच्या जागी टेकवलं. आणि आजीनं विचारलं, "कुणाची शेड?"

"आई, तुला ठाव हाय."

"मला हाय. वाचणाऱ्याला?"

"समजतील लोक."

"लोक सुनीलभाऊंची समजतील," वृषाली म्हणाली. "त्या रस्त्याला दोनच शेड आहेत, आणि पेपर आपला. आणि त्यांनी मागच्याच वर्षी बायकांसाठी दोन संडास बांधलेत."

सुनील अण्णांच्या समोर त्याच गटातून उभा राहणार होता. हे एकाच क्षणी खोलीतल्या सगळ्यांच्या लक्षात आलं. अमृतच्या आलं, मामांच्या आलं, आणि सगळ्यांत आधी, वाचायला लागल्या लागल्याच, अण्णांच्या आलं असणार. वृषालीनं सासऱ्याला वाचवायला जे शब्द लिहिले, त्यांनी भलत्याच माणसाचा गळा धरला होता. आणि अण्णांनी काही करायची गरजच नव्हती. फक्त सही.

"नाव न्हाई मंजी तो आहेर न्हवं," आजी म्हणाली. "चहाडी झाली ती."

अण्णा पेन धरून उभेच.

"दादा," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता भांडणाचा राहिला नव्हता. "आबांनी वाचलं आणि दार उघडलं. माझा आबांवर त्या दिवसापासून राग नाही. पण माडीची किल्ली तुझ्या खिशात होती. जिन्यात तू बसायचास. त्या आहेरात तुझं नाव नव्हतं, म्हणून तुला कधी वाचावं लागलं नाही. आणि मला तुझ्यावर रागवायचं थांबता आलं नाही. मशीन वगैरे नंतरचं रे."

गोरक्षमामांनी फेट्याची घडी पुन्हा घातली. आजीच्या मांडीवर स्वराज तिची तुळशीची माळ चावत होता.

वृषाली टेबलापाशी गेली. "चूक माझी आहे, अण्णा. माहिती दुरुस्त करायचा हक्क तुमचा. नाव घालायचं काम माझं होतं." तिनं त्यांच्या हाताखालून कागद ओढून घेतला. 'एका व्यापाऱ्याच्या'वर काट मारली. आणि मग, लिहिताना बोलायची सवय म्हणून की बोलल्याशिवाय लिहिताच येणार नाही म्हणून, ती मोठ्यानं म्हणाली, "भरत धर्माजी भोर यांच्या."

अमृतनं तोंडावर हात ठेवला. कुठल्याच सुनेच्या तोंडून त्या घरात ते नाव त्या आधी ऐकू आलं नव्हतं. वृषालीचे कान तापले, पण अक्षर मात्र स्वच्छ आलं. तिनं कागद परत अण्णांच्या समोर ठेवला. आता त्यांनी तो फाडला असता तरी चालणार होतं. तिनं लिहिलं होतं.

अण्णांनी चष्मा पुन्हा चढवला. खूप वेळ नाव बघत राहिले, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मग त्यांनी पेन उचललं.

"गाव घाल," ते म्हणाले. "मंचरात भरत भोर आजून दोन हायेत. त्यांच्या दारात जातील लोक."

आणि तिची वाट न बघता त्यांनीच नावापुढं बारीक अक्षरात लिहिलं, अवसरी बुद्रुक.

आत्या आधी हसली की रडली ते वृषालीला कळलं नाही. मामा म्हणाले, "पावणं, आता चा घेनार का?" आणि अण्णा म्हणाले, "थांबा हो दाजी, उत्तराची वळ ऱ्हायली."

त्या एका ओळीवर मग सगळं घर तुटून पडलं. अण्णांनी लिहिलं, लवकरच सोय करण्यात येईल. आत्यानं कागद ओढला. "लवकरच म्हणजे कधी? करण्यात येईल म्हणजे कोण करणार? आबांनी हे फेकून दिलं असतं." अण्णांनी पुन्हा लिहिलं. अमृत म्हणाला, गवंडी सोमवारी मोकळा आहे, मी विचारतो. आजी म्हणाली, नूतनचं काय? अण्णा म्हणाले, निरोप धाडतो. आजी म्हणाली, घालवताना तूच घालवलीस ना, मग. भाऊ-बहीण एका कागदावर डोकी घालून बसली होती, दोघांच्याही कपाळाला सारखीच आठी. शेवटी ओळ ठरली.

संडासाचं बांधकाम सोमवारपासून. नूतनबाईंना बोलवायला मी स्वतः जाणार. भ. ध. भोर.

खाली त्यांनी प्रकाशक म्हणून सही केली. एकाच हाताच्या दोन सह्या.

अमृतनं स्वतःचा फोन काढला. बायकोच्या समोर उभा राहून, तिला ऐकू जाईल असा बोलला. "सावळेराम, तो फोटो काढून टाक. हो, माझाच शहाणपणा. चौथं पान येतंय. मी घेऊन येतो, गाडीच काढतोय." फोन ठेवून त्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं स्वराजचं टोपडं त्याच्या हातात दिलं. यालाही घेऊन जा, प्रेस बघू दे. अमृतनं ते इतक्या जपून घेतलं, की तिचा मघाचा थकवा तिथल्या तिथं निम्मा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंचरला ताज्या शाईचा वास असलेले गठ्ठे प्रेसच्या पायरीवर रचले होते. आहुप्याच्या एसटीच्या ड्रायव्हरनं एक गठ्ठा पायाशी घेतला. बोरीचा मामांनी खांद्यावर टाकला, आणि रिक्षा करा म्हटलं तर ऐकलं नाही. जुन्नरचा आत्याच्या पिशवीत गेला. वृषाली स्वराजला छातीशी बांधून अण्णांबरोबर नूतनच्या घरी जाऊन आली होती. नूतननं त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि चौथं पान उभ्यानंच वाचलं.

"येते मी," ती अण्णांना म्हणाली. "पण संडास झाल्यावर. आन बाकीच्या बी तवरच उसात जातील. मग न्हाई."

"बरं," अण्णा म्हणाले.

परतताना बाजारात चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवली. वृषाली गाडीतच बसून स्वराजला पाजत होती, पदर सावरून, काच अर्धी खाली. टपरीवर अंक आधीच पोचला होता. बटाट्याचे व्यापारी, दलाल, हमाल, पाच-सहा जण एका कागदावर वाकलेले. अण्णांना बघून ते सरळ झाले. मग त्यातला एक जाडसा व्यापारी हसू दाबत म्हणाला, "काय भरतराव. सुनेनं पार पेपरात घातलं की."

वृषालीनं श्वास रोखला. स्वराज पिता पिता थांबला आणि डोळे उघडून तिच्याकडे बघायला लागला.

अण्णांनी चहाचा ग्लास घेतला. बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला. मग गाडीकडे बोट केलं, सगळ्यांना दिसेल असं.

"घातलं," ते म्हणाले. "तुमच्या घरात हाय का राव असं लिवणारं कोण?"